पाच पायऱ्यांचा दाखला

४ जानेवारी

चेंडू,

तुला आता लोक साहेब म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण मावशीच्या घरात तू कसा गडगडत फिरायचास ते मी पाहिलंय, तेव्हा माझ्यापुरता तू चेंडूच. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत भलतंच काहीतरी करत असतोस. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. कागदावर आलं की माणूस हातात सापडतो, एवढं शिकले.

नव्या घरात आले. आले कसली, आणली गेले. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायांतला जोर गेला तो गेलाच. धरून दोन मिनिटं उभी राहते, बाकी चाकांची खुर्ची. म्हणून दवाखान्यात पडल्या पडल्याच जुनं बिनलिफ्टचं घर विकलं आणि हे घेतलं. बघायला जाणं शक्य नव्हतं. बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईंनी माहितीपत्रक पाठवलं: 'चाकांच्या खुर्चीसाठी संपूर्ण अडथळामुक्त इमारत. तज्ज्ञांचा दाखला प्राप्त.' 'तज्ज्ञ' हा शब्द बरोबर छापला होता. मी भुलले.

इमारतीच्या दारात पाच पायऱ्या आहेत. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटच्या, सहा-सहा इंचांच्या. त्या चढून गेलं की लिफ्ट. म्हणजे ज्याला पाय आहेत त्यालाच पाय नसलेल्यांची सोय मिळते. वॉचमन आणि समोरचा इस्त्रीवाला यांनी मला खुर्चीसकट उचललं, कपाट चढवतात तसं. "कोपरा सांभाळ रे," इस्त्रीवाला म्हणाला. कोपरा म्हणजे माझा गुडघा.

घरात न्हाणीघराचं दार दोन फूट आणि माझी खुर्ची सव्वादोन. त्या तीन इंचांपायी रोज खुर्ची दारात सोडायची आणि बेसिनला लोंबकळत आत जायचं.

तो दाखला खाली लॉबीत चौकट करून लावलाय. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशा बेताने, त्यामुळे बसलेल्याला नुसता शिक्का दिसतो. इमारती अपंगांच्या सोयीच्या आहेत की नाहीत ते तपासून दाखले देणं हाच तुझा धंदा. तर सांग, कोणत्या गाढवाने हा दाखला दिला ते कसं शोधायचं आणि तक्रार कुठे करायची?

ताई

(नवा पत्ता पाकिटामागे आहे.)

१९ जानेवारी

प्रिय ताई,

नव्या घराबद्दल अभिनंदन. तुझा त्रागा समजू शकतो. नवी जागा, त्यात प्रकृती. माणसाला बारीकसारीक गोष्टीही डोंगराएवढ्या वाटतात.

एक लक्षात घे. दाखला देणारा कुणी हवेत दाखला देत नाही. त्याच्यासमोर नकाशे असतात, फोटो असतात, बिल्डरचं लेखी निवेदन असतं. मी स्वतः महिन्याला तीस-चाळीस इमारती हातावेगळ्या करतो. गेल्या आठवड्यातच 'दार सर्वांसाठी' या विषयावर माझं व्याख्यान झालं, सभागृह भरलं होतं. तेव्हा या क्षेत्रात किती काम होतंय याची तुला कल्पना नाही. उलट अलीकडे मोजपट्टी घेऊन हिंडणारी तक्रारखोर माणसांची एक जमातच निघालीय. एक इंच कमी दिसला की धावले कचेरीत. तू त्यांच्यातली होऊ नयेस असं वाटतं.

तुमच्या सोसायटीचे चेअरमन असतील, त्यांच्याशी गोडीने बोल. गोडीने जे होतं ते तक्रारीने होत नाही. चौकटीतल्या कागदाच्या मागे लागू नकोस. जुने कागद उकरून कुणाचं भलं झालंय? आणि 'गाढव' वगैरे शब्द लेखी वापरू नकोस, अंगाशी येतं.

न्हाणीघरात धरायला एक दांडी पाठवतोय. उत्तम कंपनीची आहे.

तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

चेंडू,

दांडी मिळाली. भिंतीत बसवायला भिंत दारापलीकडे आहे आणि मी दाराअलीकडे. असो.

गोडीने बोलून पाहिलं. चेअरमन स्वतः वर आले. चांगले गृहस्थ आहेत; म्हणजे इस्त्री चांगली असते. मी म्हटलं, "खाली रॅम्प हवा."

"आपल्या इमारतीत तसं कुणी नाही हो," ते म्हणाले.

"मी आहे."

"तुम्ही नवीन आहात."

"जुनी झाले की रॅम्प मिळेल?"

त्यांनी माझ्याकडे, हट्टी पोराकडे बघावं तसं पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, ते ग्रॅनाइट बाहेरून मागवलेलं आहे. ते फोडायचं म्हणजे... आणि रॅम्प तीस फूट लांब करावा लागतो म्हणतात. माझ्या दोन्ही गाड्या तिथे असतात. वॉचमन आहे ना? बेल वाजवा, तो उचलेल. त्याला त्याचं काही वाटत नाही."

मला काय वाटतं ते विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. जाताना म्हणाले, "तसंही तुम्हाला बाहेर कुठे जायचं असतं?"

म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाहेर गेले. निदान लॉबीपर्यंत. वॉचमनला म्हटलं, ती चौकट खाली काढ. तो म्हणाला, "चेअरमनसाहेब रागावतील." मी म्हटलं, धूळ पुसायची आहे. ही थाप पन्नास वर्षांत पहिली.

चौकट मांडीवर घेतली आणि खालपासून वाचायला लागले, कारण सही खाली असते. तुझी सही मी ओळखते. पहिली सही तू माझ्याकडून शिकलास, शेवटच्या अक्षराला अजून तसाच शेपटीसारखा फराटा ओढतोस.

मग वरचं वाचलं. 'प्रवेशद्वारी तीस फूट लांबीचा, नियमानुसार उताराचा, दोन्ही बाजूंस कठडा असलेला रॅम्प प्रत्यक्ष पाहणीत आढळला.' वॉचमनला विचारलं, कधी होता रे इथे रॅम्प? तो म्हणाला, "एक दिवस होता." बिल्डरच्या माणसांनी सुताराकडून आठ फुटी फळी आणून पायऱ्यांवर टाकली, वर हिरवा गालिचा पसरला, फोटो काढले. संध्याकाळी फळी सुताराकडे परत गेली. पाहणीला कुणी आलंच नाही.

सोबत दाखल्याची नक्कल जोडली आहे. लाल पेन्सिलीने तपासून. 'तीस' च्या जागी 'आठ'. 'कठडा' खोडला. 'प्रत्यक्ष' खोडला. 'पाहणीत' खोडला. राहिला फक्त 'आढळला', तर तो तेवढा एकटा ठेवून काय करू, तोही खोडला.

गाढव हा शब्द मी मागे घेत नाही. पत्ता मात्र मिळाला.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

हे तू बरं केलं नाहीस. सरकारमान्य दाखल्यावर लाल पेन्सिल चालवायचा अधिकार तुला कुणी दिला? प्रुफं तपासणाऱ्याला शब्द कळतात. इमारती नाही.

फोटोत रॅम्प होता. मी फोटोवर विश्वास ठेवला. या धंद्यात सगळेच ठेवतात, कारण प्रत्येक इमारतीच्या दारात जाऊन उभं राहायचं तर जन्म पुरणार नाही. 'प्रत्यक्ष पाहणीत' हे छापील वाक्य आहे. ते प्रत्येक दाखल्यात असतं, त्याचा इतका शब्दशः अर्थ कुणी घेत नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच पत्त्यावरून मला कळलं होतं. तुला उगाच मनस्ताप नको म्हणून बोललो नाही.

आता शांतपणे ऐक. हा एक दाखला मी रद्द केला तर उद्या बाकीचे उघडतील. माझा परवाना जाईल, ऑफिसातल्या सहा माणसांचं काम जाईल. तुझ्या पाच पायऱ्यांसाठी? त्यापेक्षा माझ्या ओळखीचे एक बिल्डर आहेत, त्यांच्या नव्या इमारतीत तळमजल्याचं घर तुला बदलून मिळवून देतो. तिथे सगळं नियमानुसार आहे. मी अजून पाहिलेली नाही, पण दाखला माझाच आहे.

तुझा भाऊ

६ एप्रिल

चेंडू,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाचवत नसेल तर सोडून दे, तुला सवय आहे.

अकरा मार्चला दवाखान्यात तपासणीला जायचं होतं. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या. तिसरीवर वॉचमनचा पाय सटकला. त्याने खुर्ची सोडली नाही, म्हणून माझं डोकं वाचलं आणि त्याचं मनगट मोडलं. माझं गळ्याजवळचं उजवं हाड. इस्त्रीवाल्याला काही झालं नाही, पण तो तेव्हापासून माझ्या खिडकीकडे बघत नाही.

चेअरमनांनी लगोलग हालचाल केली. वॉचमनला 'कामात निष्काळजी' म्हणून काढून टाकलं, प्लास्टर ओलं होतं तेव्हाच. आणि लॉबीत नोटीस लावली: 'सुरक्षीततेच्या द्रुष्टीने पायऱ्यांवरून कोणत्याही व्यक्तीस उचलून नेण्यास मनाइ आहे.' नव्या वॉचमनने मला फोटो काढून दाखवली. एका वाक्यात तीन चुका. माणूस कोंडून ठेवायचा तर निदान शुद्ध भाषेत कोंडावा.

आज सव्वीस दिवस झाले, मी घरात आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसतो. त्याला सहा सांधे आहेत.

तू म्हणालास ना, इतका शब्दशः अर्थ कुणी घेत नाही. वॉचमनने घेतला. 'धरून ठेव' म्हटलं तर त्याने धरून ठेवलं.

उत्तर नको.

ताई

१७ एप्रिल

ताई,

तू उत्तर नको म्हणालीस तरी लिहितोय.

काल मी तुझ्या इमारतीत आलो होतो. तुला कळवलं नव्हतं. सोबत मोजपट्टी होती आणि एका दवाखान्यातून मागून आणलेली चाकांची खुर्ची. फाटकातून आत आलो, खुर्चीत बसलो आणि पहिल्या पायरीपर्यंत गेलो. पुढे काय करायचं मला कळेना. चाक पायरीला लागलं की खुर्ची थांबते, एवढंच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्यावर व्याख्यान देतो. पण मी तिथे बसून राहिलो.

चेअरमन बाहेर आले. व्याख्यानांच्या फोटोंवरून मला ओळखलं. "अहो साहेब, तुम्ही! दाखल्याच्या नूतनीकरणाला आलात? आणि खाली कशाला बसलात, वर या ना."

मी म्हटलं, "कसा येऊ?"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. "उठा की," म्हणाले.

मी उठलो, ताई. उठता येत होतं म्हणून उठलो. आणि त्या क्षणी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आजवर कुणाची आली नव्हती.

सगळं मोजलं. तीस इंच चढ. म्हणजे रॅम्प तीस फूटच हवा. दाखल्यातला तेवढा आकडा खरा होता. लिफ्टचं दार मोजलं. मग वॉचमनचा पत्ता शोधून त्याच्या घरी गेलो. हात गळ्यात होता. मी फळीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "फळी खालून मीच धरली होती साहेब. मधे वाकत होती. मला सांगितलं होतं, तपासायला साहेब येणार आहेत, तोवर धरून ठेव. दुपारपर्यंत धरली. मग कळलं, साहेब नाही, नुसता फोटोवाला येणार." त्याने मला बसायला सांगितलं नाही. मी उभाच होतो.

दाखला रद्द करण्याचा अर्ज लिहिला आहे. बांधकाम खात्याला द्यायचा. सोबत मसुदा पाठवतोय, तू एकदा नजर टाक. तुझ्या दारापर्यंत यायची मात्र हिंमत झाली नाही. जमलं तर मला माफ कर.

तुझा भाऊ

२२ एप्रिल

चेंडू,

नवा वॉचमन सांगत होता, खाली दोन तास होतास. आणि वर आला नाहीस. लिफ्ट चालू होती. पाय तर होतेच.

मसुदा वाचला. दुरुस्त्या अशा:

पहिल्या ओळीत 'अनवधानाने' लिहिलं आहेस. खोड. अनवधान म्हणजे बघताना नजर चुकणं. तू बघायलाच गेला नाहीस. 'न पाहता' लिही.

तिसऱ्या ओळीत 'दाखल्यावर सही झाली'. सही आपोआप होत नसते. पाऊस होतो, सर्दी होते. 'मी सही केली' असं लिही.

'काही त्रुटी राहून गेल्या' हे वाक्य सगळंच काढ. कुठली त्रुटी, किती इंचांची, ते लिही.

शेवटी 'संबंधितांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे'. संबंधित म्हणजे कोण? एक मनगट आणि एक गळ्याजवळचं हाड. वॉचमनला कामावरून का काढलं तेही त्यात आलं पाहिजे, आणि त्याची चूक नव्हती हेही.

माफीचं म्हणशील तर तो शब्द अर्जात कुठेच नाही, आणि तेवढी एकच गोष्ट तू बरोबर केलीस. तिथे त्याची गरज नाही.

ताई

३० जून

ताई,

अर्ज तुझ्या दुरुस्त्यांसकट दिला. एकही शब्द बदलला नाही. 'मी सही केली' लिहिताना हात थबकला, पण लिहिलं.

काल सुनावणी झाली. तू लेखी जबाब पाठवला होतास तो वाचून दाखवला. वाचणारा कारकून मधेच हसला, मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढे वाचू लागला. चेअरमन म्हणाले, "एका बाईसाठी अख्ख्या इमारतीचं रूप बिघडवायचं का?" साहेब म्हणाले, "इमारत कशासाठी असते?" त्यावर चेअरमन खरंच विचारात पडले.

आदेश निघाला. नव्वद दिवसांत रॅम्प. न केल्यास लॉबीला टाळं. वॉचमनला परत कामावर घ्यायचं. माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. ऑफिस बंद केलं. सहापैकी चौघांना दुसरीकडे लावून दिलं, दोघं अजून शोधताहेत. जुने मित्र फोन उचलत नाहीत. एकाने उचलला तो एवढंच म्हणाला, "आमच्या पोटावर का पाय देतोस?"

रोज सकाळी मोजपट्टी घेऊन निघतो. मी दाखले दिलेल्या इमारती बघतो. अकरा झाल्या. सातांत खोट आहे. एकीत तर रॅम्प आहे, उत्तम आहे, आणि तो थेट एका खांबावर जाऊन थांबतो. दर इमारतीचा कागद लिहून खात्याला देतो. मला पाहिलं की आता वॉचमन आत जाऊन कुणालातरी बोलावून आणतात. म्हणजे मीच ती जमात झालोय.

राग गेला का गं?

तुझा भाऊ

१४ ऑक्टोबर

चेंडू,

रॅम्प झाला. पंधरा फूट सरळ, मग वळणावर सपाट जागा, मग परत पंधरा. दोन्ही बाजूंना कठडे. चेअरमनांच्या दोन्ही गाड्या आता रस्त्यावर झाडाखाली असतात आणि पक्षी आपलं काम चोख करतात. आल्यागेल्याला ते स्वतः रॅम्प दाखवतात: "आम्ही करून घेतला. आपल्या इमारतीत माणुसकी आहे." मी हे लिफ्टमधून ऐकलं. लिफ्टचं दार बंद झालं म्हणून बरं, नाहीतर मी तोंड उघडलं असतं.

वॉचमन परत आलाय. मनगट अजून पुरतं वळत नाही. चेअरमन त्याच्याशी काहीच घडलं नसल्यासारखं बोलतात, तो त्यांना फाटक उघडून देतो आणि दुसरीकडे बघतो. न्हाणीघराचं दार रुंद करायला परवा गवंडी आला होता. भिंत फोडून गेला तो गेला. वाट बघतेय.

राग गेला का विचारतोस. नाही गेला. आणि तो जावा म्हणून तू इमारती मोजत असशील तर मोजू नकोस. त्या इमारतींत माणसं अडकली आहेत म्हणून मोजत असशील तर मोज. मला दोन्हीतला फरक पत्रावरून कळत नाही. इमारती संपल्या की वर ये, तोंड बघून सांगते.

आता खरी बातमी. काल सकाळी मी पहिल्यांदा एकटी खाली निघाले. लिफ्ट, लॉबी, मग रॅम्प. पहिला उतार उतरले. खुर्ची माझ्या ताब्यात होती. वळणाशी आले तर समोरून एक म्हातारा चढतोय, चौपायी काठी टेकत, एकेक पाऊल. चौथ्या मजल्यावर राहतो म्हणे. दोन वर्षं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याने मला. चेअरमन ज्यांना 'तसं कुणी नाही' म्हणत होते, त्यांतला हा दुसरा. पायऱ्या उतरता येत नव्हत्या म्हणून तो गॅलरीत येरझाऱ्या घालायचा.

आम्ही बरोब्बर वळणाच्या तोंडाशी अडकलो.

"बाई, मागे घ्या," तो म्हणाला.

"तुम्ही घ्या."

"मला मागे जाता येत नाही."

"मला चढावर उलटं जाता येत नाही. आणि उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची असते."

"असं कुठे लिहिलंय?"

"तुम्ही कुठे वाचलंय की चढणाऱ्याला द्यायची?"

"मी वकील होतो," तो म्हणाला. तोंड असं केलं की जणू मला शिक्षाच सुनावली.

"मी वकिलांची पुस्तकं तपासायचे," मी म्हटलं. "त्यात चुकाच चुका असायच्या."

पाचेक मिनिटं हे चाललं. आवाज ऐकून वॉचमन धावत आला. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "थांबा, मी ताईंना जरा उचलून बाजूला..."

"हात लावायचा नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. समोर इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली आणि बघत राहिला.

मग तो म्हातारा माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. त्याने काठी कठड्याशी ओढून घेतली, पाठ चिकटवली, पोट आत घेतलं. सपाट जागा पाच फुटांची आहे. माझं चाक त्याच्या चपलेपासून चार बोटांवरून गेलं.

"उद्या मी आधी," तो मागून म्हणाला.

"बघू," मी म्हटलं, आणि रस्त्यावर गेले.

ताई